चेकरला बांधलेली राखी

बाबूजी,

गुरुवारी मी ऑफिसात सगळ्यांसमोर तुमचं नाव घालवलं. मॅनेजर साहेब होते, हेडक्लार्क होता, कॅशियर होते, दोन्ही शिपाई पेढ्यांचा पुडा घेऊन दाराशी उभे होते. त्यांच्या देखत मी सांगितलं की माझ्या वडिलांनी एका बाईवर अन्याय केला आणि तो मी इतकी वर्षं न्याय म्हणून मिरवत आले. आज रविवार. हे मुलांना घेऊन वैनगंगेच्या काठी फिरायला गेले आहेत, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन आता पंधराएक वर्षं होतील, तेव्हा हे कागद टाकायचे कुठे हा प्रश्नच नाही. पण एखाद्याच्या पाठीमागे जे बोललो ते त्याच्या तोंडावरही बोलता आलं पाहिजे, असं तुम्ही आम्हाला नेहमी सांगायचात. तोंडावर बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून हा खटाटोप.

गोष्ट तुमचीच आहे, तरी मी ती लोकांना कशी सांगायची ते आधी ऐका. कॉलेजच्या होस्टेलवर सांगितली, सासरी सांगितली, ऑफिसात तर चहाच्या सुट्टीत किती वेळा सांगितली असेल. आमचे बाबूजी सिहोऱ्यात बिडीचे सट्टेदार होते, अशी सुरुवात करायची. मग ऐकणारा नागपूरचा असला तर सट्टेदार म्हणजे काय ते सांगायचं. कंपनीकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायचा, गावातल्या बायकांना द्यायचा, त्यांनी घरी बसून वळलेल्या बिड्या संध्याकाळी घ्यायच्या आणि माल कंपनीला पोचवायचा. आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी बायकांची रांग बसे. चेकर एकेक जुडी हातात घेई, दाबून बघे, कच्च्या वळलेल्या बिड्या काढून बाजूच्या टोपल्यात टाके. त्याला छाट म्हणायचे. छाटीत गेली त्या बिडीची मजुरी नाही. मजुरी देणारे तुम्ही होता, पण कुणाच्या बिड्या पास आणि कुणाच्या छाटीत हे तो ठरवायचा, म्हणून बायका तुमच्यापेक्षा त्याला जास्त भीत.

बिड्या तपासून झाल्या की दुसऱ्या दिवसाचा पत्ता घ्यायला बायका एकेक करून ओसरीच्या मागच्या कोठीत जात. कोठीला खिडकी नव्हती. वारा लागला की पत्ता कडक होतो आणि वळताना फाटतो, म्हणून ती तशीच अंधारी ठेवलेली. आत काटा टांगलेला, आणि काट्यापाशी तोच चेकर. मी दहा-अकरा वर्षांची असेन. कोठीतून येणारा तो कोरडा, गोडसर वास मला फार आवडायचा. आजही कुठे तेंदूपत्त्याचं पोतं दिसलं तर मी जवळ जाऊन वास घेते. आता मात्र त्या वासाची आठवणसुद्धा नको वाटते.

त्या बायकांत एक होती, तिला सगळे आंधळगाववाली म्हणत. आपल्याकडे सुनेला माहेरच्या गावावरूनच हाक मारतात, तिचं नाव काय हे कुणी विचारत नाही. तिचा नवरा तलावावर मासे धरायचा. एका सकाळी ती एकटीच आली. तुम्ही ओसरीत आरसा खांबाला टांगून दाढी करत होता. मी पाटी घेऊन जवळच बसले होते.

"मालक, मले पत्ता तुमी देत जा. त्याच्या हातचा नोको," ती म्हणाली.

"काहून?"

तिने पदर सारखा केला. मग खाली बघून म्हणाली, "कोठीत हात धरते जी. काल पदर ओढलन. म्या वरडली त पास झालेल्या बी माया साऱ्या बिड्या छाटीत टाकल्यान."

तुम्ही वस्तरा धुतला, तोंड पुसलं. तुमचा चेहरा लाल झाला होता, तो मला अजून दिसतो आहे. "जा तू. मी पायतो," एवढंच म्हणालात. ती गेली आणि तुम्ही त्याच पावली चेकरला बोलावून मागच्या वाड्यात नेलंत आणि असं झापलंत की आवाज रस्त्यावर गेला. हे सारं खरं आहे, बाबूजी. तुम्ही तिचं खोटं मानलं नाहीत. दुसऱ्या एखाद्या सट्टेदाराने तिलाच हाकलून दिलं असतं. माझा अभिमान अगदीच हवेतला नव्हता, हे मला आधी लिहून ठेवायचं आहे.

त्या दिवशी जेवताना तुम्ही आईला तुमचा बेत सांगितलात. राखी चार दिवसांवर आली होती. सगळ्या बायकांसमोर आंधळगाववालीच्या हाताने चेकरला राखी बांधवायची. भाऊ झाला की नजर आपोआप खाली जाते, माणूस जन्माचा बांधला जातो. आई चुलीपुढे बसून भाताचं पातेलं उतरवत होती. ती मागे न वळता म्हणाली, "भाऊ कायले बनवता त्याले? काटा बाहेर आना ना ओसरीत. साऱ्यांच्या समोर पत्ता देईन त मग काय करन तो?"

"तुले धंद्यातलं काय समजते? वारा लागला का पत्ता खराब होते. तू आपली चूल पाय."

आईने झाकण पातेल्यावर आपटलं. मला तेव्हा आईचा राग आला. बाबूजी एवढं चांगलं काही करायला निघालेत आणि ही काट्याचं काय घेऊन बसली आहे, असं वाटलं. आई तशीच होती, सणाच्या दिवशीसुद्धा डाळ महागली म्हणणारी. तुम्ही माझ्या हाती पैसे देऊन मला दुकानात पिटाळलंत आणि मी सगळ्यांत मोठी राखी निवडून आणली, गुलाबी स्पंजची, मधे चमकी लावलेली.

राखीच्या संध्याकाळी तुम्ही पांढरंशुभ्र धोतर नेसला होता. ओसरीत पाट मांडला होता. आईने देवपूजेचं ताट दिलं नाही, तुम्ही स्वतः आत जाऊन जेवणाचं ताट आणलंत. चेकर डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसला. आंधळगाववाली पुढे येईना, तेव्हा बायकांनी तिला ढकलत ढकलत आणलं. तिने कुंकू लावलं, राखी बांधली, ओवाळलं. चेकर हुंदके देऊन रडला, तुमच्या पायावर पडला. तुम्ही त्याला उठवून म्हणालात, "आजपासून हे तुयी बहीन. हिले काही झालं त मले झालं समज." मग त्याच्या वतीने तुम्हीच तिला एक हिरवं लुगडं दिलंत. बायका "जी, मालक, जी" करत राहिल्या. एका म्हातारीने तर तुमची दृष्ट काढली.

माझी गोष्ट इथे संपायची. होस्टेलवर मुली म्हणायच्या, काय माणूस गं तुझे वडील! पोलीस नाही, पंचायत नाही, मारहाण नाही, एका धाग्यात सगळं मिटवलं. सासरे एरवी माझ्या माहेरचं कौतुक करताना हात आखडता घेणारे, पण हे ऐकून तेही म्हणाले होते की अशी माणसं आता राहिली नाहीत. मी त्याला एक शेपूटही जोडायची. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला तो चेकर पुढे होता आणि घरच्यांपेक्षा मोठ्याने रडत होता. बघा, माणूस कसा सुधारला, असं मी म्हणायची. आणि दिवाळीपर्यंत आंधळगाववाली यायची बंद झाली होती, हे मात्र सांगायची नाही. लपवलं असं नाही, ते मला गोष्टीचा भागच वाटत नव्हतं. तुम्ही एकदा जेवताना म्हणाला होता, "लोकाईले केल्याची जान नाही," आणि मीही मान डोलावून भात कालवला होता.

आता माझं ऐका. तुमच्या माघारी मी शिकले, लग्न होऊन भंडाऱ्याला आले, इथल्या एका सहकारी संस्थेत कारकून म्हणून लागले. धानखरेदीचं काम असतं, हंगामात मान वर करायला फुरसत नसते. नोकरी चांगली आहे, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत चांगली होती. गेल्या वर्षी नवा हेडक्लार्क आला. आमची रेकॉर्ड रूम मागच्या बाजूला आहे, जुन्या पावत्यांची कपाटं तिथे. किल्ल्या त्याच्याकडे. मला पावती लागली की तो स्वतः उठून मागे यायचा. आधी नुसता दारात आडवा हात लावून उभा राहायचा. मग कपाटापाशी पाठीवर हात. मग असं काही बोलायचा की ते मी तुम्हाला लिहू शकत नाही. मी शिपायाला सोबत न्यायला लागले, तर तो शिपायाला चहा आणायला धाडायचा. मी पावत्यांची कामं मागे ठेवायला लागले, तर मॅनेजरसमोर म्हणायचा, मॅडमचं लक्ष नसतं कामात. घरी यांना सांगायची हिंमत होईना, हे नोकरीच सोड म्हणतील ही भीती. इतके महिने मी त्या खोलीत जात होते आणि एकदाही मला आपली ती अंधारी कोठी आठवली नाही, याचं मला आज सगळ्यात जास्त नवल वाटतं.

शेवटी मॅनेजर साहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ आहेत, तुमच्यासारखेच. माझ्यासाठी पंखा मोठा केला, पाणी मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," म्हणाले. मला रडू आलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी खुशीत येऊन म्हणाले, "अहो, याचा उपाय तर तुम्हीच सांगितला होता आम्हाला. तुमच्या बाबूजींचा किस्सा! मी घरी मिसेसला पण सांगितला. राखी येऊनच राहिली आहे. आपण ऑफिसात छोटासा कार्यक्रम करू. तुम्ही त्यांना राखी बांधा. तो माणूस जन्मात मान वर करणार नाही, बघा तुम्ही."

नाही म्हणावं तर कोणत्या तोंडाने? शब्द माझेच होते. जन्माचा बांधला जातो, हेसुद्धा माझ्याकडूनच गेलेलं. त्या हेडक्लार्कच्या कपाळाला माझं बोट लागणार, त्याचं मनगट मी हातात धरणार, आणि सगळे टाळ्या वाजवणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि मळमळलं. मी मान हलवली आणि बाहेर आले. साहेबांना ती होकाराची वाटली. घरी आल्यावर पोळी लाटता लाटता हात थांबला, कारण पहिल्यांदाच मनात आलं की आंधळगाववालीलाही असंच मळमळलं असेल का? आणि पुढे तिचं काय झालं?

मी रजा टाकून आधी सिहोऱ्याला आईकडे गेले. आई आता दादाजवळ असते, डोळ्यांनी कमी दिसतं, जिभेला मात्र धार आहे तशीच आहे. मी विचारलं तर म्हणाली, "ते त तवाच गेली आंधळगावले, मायच्या घरी. तुले आता आठवन झाली काय?" दुसऱ्या दिवशी आंधळगावला उतरले आणि बसस्टँडवरच अडकले. विचारायचं कुणाला आणि काय? आंधळगावात जाऊन आंधळगाववाली कुठे राहते असं कसं विचारणार? मला तिचं नाव माहीत नव्हतं. आपल्या ओसरीत ती वर्षानुवर्षं येऊन बसली, मी तिच्याकडून चिंचोके मागून घेतले असतील, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. चहाच्या टपरीवर मी चाचरत म्हटलं, सिहोऱ्याला दिलेली आणि परत आलेली एक बाई. टपरीवाल्याने लगेच बोट दाखवलं. परत आलेली म्हटलं की गावाला कळतं.

ती परसात बसून कोसा कातत होती. तिथल्या बायका रेशमाच्या कोशाचा धागा मांडीवर वळून काढतात, तसा तिचा हात मांडीवरून मागेपुढे जात होता. केस पिकले होते. मी कुणाची कोण हे सांगितलं तेव्हा हात थांबला. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग बाजेवर बस म्हणाली. मी इकडचं तिकडचं बोलून वेळ काढला आणि शेवटी विचारलं, राखी बांधल्यावर पुढे काय झालं?

"काय होनार जी? तो भाऊ झाला," ती म्हणाली.

मला कळलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने सांगितलं, आणि सांगताना हात पुन्हा चालू केला. "पयले तो कोठीतच राहे. राखी बांधली त घरी याले लागला. बहिनीच्या घरी भावाले कोन अडवते? आमचे हे पायटे जाळं घेऊन तलावावर जात. हे गेले का तो चाय प्याले हजर. शेजारीन पाये, मने, भाऊ आला वाट्टे. सासू त्याच्यासाठी पाट टाके, अन् आपन दळन घेऊन बाहेर निंगून जाय. म्या ह्यांले सांगतलं, त हे मनाले, तो तुया भाऊ होय ना, मालकानं करून देल्ला भाऊ होय, त्याच्यावर असं बोलशीन त गावात तोंड दाखवाची सोय राहनार नाही."

"मग तुम्ही बाबूजींना काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. खरं सांगते, ते विचारताना मला आशा होती. तुम्हाला माहीतच नव्हतं, असं तिने म्हणावं म्हणून मी देवाला हात जोडले होते मनातल्या मनात.

"सांगतलं ना. दिवाळीच्या आंधी गेलती. तुमचे बाबूजी मनाले, तू राखी बांधली हायेस त्याले. बहीन होऊन भावाच्या नावानं असं बोलते? जीभ झडन तुई." तिने धागा तोडला, नवा कोसा घेतला. "मंग बायका बी बोलाले लागल्या. राखी बांधून बी हे असं बोलते, मंजे हिच्यातच काही असन. तवा मी पोरीले घेतली अन् इकडे आली. ह्यांनी नेलं नाही मले. दुसरी केल्ली त्यांनी."

ती रडली नाही. रडली असती तर मला जड गेलं नसतं. थोड्या वेळाने म्हणाली, "मले दोन भाऊ होते जी, इथीच, ह्याच घरात. भाऊ मागाले थोडीच आलती मी तुमच्या बाबूजीकडे. पत्ता तुमी देत जा, एवढंच त मनत होती."

मी आले कशासाठी, ते तिने विचारलं. मी हेडक्लार्कचं सांगितलं, रेकॉर्ड रूमचं सांगितलं, साहेबांच्या कार्यक्रमाचं सांगितलं. ती ऐकत होती आणि एकदम हसायला लागली. "आता तुमाले बी भाऊ देऊन राहिले काय वो?" म्हणाली आणि हसता हसता ठसका लागला. मग उठून चहा टाकला, त्यात मला आवडतो तसा भरपूर अद्रक घातला. निघताना मी तिला तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते कळायला हवं होतं तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत.

परतीच्या बसमध्ये मला तुमचा इतका राग आला की तो कुठे ठेवावा कळेना. तुम्ही आम्हाला कधी बोट लावलं नाही. गावात कुणाची बायको अडली तर आपली बैलांची दमणी जुंपून दवाखान्यात पोचवणारे तुम्ही. कामाच्या बायकांपैकी कुणाला ताप असला तर गोळ्या द्यायला स्वतः जाणारे तुम्ही. आणि काटा कोठीतून ओसरीत आणायचा, थोडा पत्ता कडक झाला तर होऊ द्यायचा, चेकरला दुसऱ्या गावी लावायचा, एवढं तुमच्याने झालं नाही. तो कामाला पक्का होता, त्याच्यासारखा छाट काढणारा कंपनीला आवडत होता, हे मला आता कळतं. मालक तुम्ही होता, बाबूजी. तुमच्या छपराखाली जे घडत होतं ते थांबवणं तुमचं काम होतं. ते तुम्ही एका धाग्यात बांधून तिच्याच हाती दिलंत, वर लुगडं दिलंत आणि उपकार केल्यासारखे मोकळे झालात. आणि दुसऱ्यांदा ती आली तेव्हा आपला न्याय खोटा पडतो म्हणून तिलाच खोटी केलीत.

गुरुवारचं सांगते आणि संपवते. राखीच्या आदल्या दिवशी चार वाजता सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. टेबलावर ताट, निरांजन, राखी. हेडक्लार्क शर्टाची बाही वर करून बसला होता, चेहऱ्यावर असा सात्त्विक भाव की काय सांगू. साहेबांनी छोटं भाषण केलं आणि त्यात तुमची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षाही छान सांगितली. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी उठले आणि म्हटलं, "साहेब, ही गोष्ट मी अर्धीच सांगत होते. पुढचं मला माहीत नव्हतं." आणि पुढचं सांगितलं. तिच्या घरी येणारा तो भाऊ, ती पाट टाकणारी सासू, तुमचं ते 'जीभ झडन तुई', सगळं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. मग म्हटलं, "मला राखी बांधायची नाही. ती कपाटं इथे हॉलमध्ये आणा, किल्ल्या तुमच्याजवळ ठेवा, आणि यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. ते तुमचं काम आहे, माझं नाही."

हेडक्लार्कचा हात टेबलाखाली गेला. निरांजन तेवढं जळत होतं. शेवटी कॅशियर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, गेलेल्या बापाबद्दल असं बोलू नाही." त्यांचं वय तुमच्याएवढं आहे आणि ते मला मुलीसारखं मानतात. साहेबांचं काही बोलणं मला लागलं नसतं, हे लागलं. मी पर्स उचलून घरी आले आणि न्हाणीघरात पाणी सोडून रडले, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून.

राखीची रजा संपवून काल गेले तर कपाटं हॉलमध्ये आलेली होती. दोन शिपायांनी राखीच्याच दिवशी दुपारच्या आत आणली म्हणे. एवढंच काम होतं ते. हेडक्लार्कला साहेब काय बोलले मला ठाऊक नाही, पण तो माझ्या टेबलाकडे बघत नाही. साहेबही माझ्याशी बोलत नाहीत, फायली शिपायाच्या हाती पाठवतात. पवनीच्या शाखेत जागा रिकामी आहे आणि तिथे मला पाठवणार, असं कानावर आलं आहे. पाठवू देत. बसने जाईन येईन. यांना मी काल रात्री सगळं सांगितलं. हे म्हणाले, मला आधी का नाही सांगितलंस.

पण खरी लाज मला त्याची नाही. ज्या हॉलमध्ये मी वर्षानुवर्षं तुमच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगितल्या, त्याच हॉलमध्ये तुम्हाला उभं करून उघडं पाडलं, आणि तुम्ही उत्तर द्यायला नव्हता. आंधळगाववालीसाठी ते करायलाच हवं होतं, आणि तरी घरी येताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. तुमची लाज वाटते आणि तुम्हाला लाजवल्याचीही वाटते. दोन्ही एकदम कशा वाटतात ते मला सांगता येत नाही. मुलं आजोबांची ती गोष्ट सांग म्हणतात, त्यांना मी अजून काही बोलले नाही.

हे येण्याची वेळ झाली, कागद उचलते. फक्त एक राहिलं, ते तुम्हाला सोडून कुणालाच सांगणार नाही. तुम्ही आज असता तर साहेबांकडे जाण्याच्या आधी मी सिहोऱ्याची बस धरून तुमच्याकडेच आले असते. तुम्ही सगळं ऐकून माझ्या डोक्यावर हात ठेवला असता आणि म्हणाला असता, बेटा, बांधून टाक राखी, सुधरन तो. आणि बाबूजी, मी बांधली असती.